इथे झोपायचं नाही

सकाळी ७.३०

खोलीत पाऊल टाकलं की आधी एसी, मग यूपीएसचे दिवे, मग कॉइल हातात घेऊन तिच्या केबलवरून बोटं फिरवायची. कुठे चीर दिसली, जोड सैल लागला, तर त्या दिवशी मशीन सुरूच करायचं नाही, असा मॅडमचा नियम आहे. ही कॉइल म्हणजे प्लास्टिकच्या जाड आवरणात बसवलेली तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, इंग्रजी आठच्या आकड्यात शेजारी-शेजारी. मशीनमधले कपॅसिटर भरतात, क्षणात रिते होतात आणि काही हजार अँपिअरचा प्रवाह सेकंदाच्या दोन-तीन दशसहस्रांश भागापुरता या तारेतून जातो. तेवढ्यापुरतं तिच्याभोवती दीड ते दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं. एमआरआयच्या बोगद्यात असतं त्याच तोडीचं, पण इथे ते कॉइलच्या तोंडाशी, तळहाताएवढ्या जागेत असतं आणि लगेच संपतं. दिवसभरात कॉइल तापते, म्हणून एसी सगळ्यांत आधी.

भिंतीलगतच्या ट्रेवर ऑक्सिजन, सक्शन आणि मिडाझोलामच्या अँप्युल. त्यांच्या तारखा रोज बघते. या कॉइलच्या उपचारात फिट येण्याचं प्रमाण हजार रुग्णांत एकाहूनही कमी आहे. तरी ट्रेशिवाय खोली उघडत नाही.

मी मानसोपचाराची नर्स. पुण्यातल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या, म्हणजे मॅडमच्या, क्लिनिकमध्ये टीएमएसची खोली सांभाळते. टीएमएस म्हणजे डोक्याबाहेरून दिलेल्या चुंबकीय स्पंदनांनी मेंदूच्या एखाद्या भागाला चालना देणं. ना चिरफाड, ना भूल, ना इंजेक्शन. रुग्ण खुर्चीत बसतो आणि अर्ध्या तासाने स्वतःच्या पायांनी घरी जातो.

८.००

पहिले दोघे नैराश्याचे. या खोलीचं मुख्य काम अजून तेच आहे. औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ साली या उपचाराला परवानगी मिळाली, तेव्हा एक सेशन साडेसदतीस मिनिटांचं असे. पुढे २०१८ मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं की थीटा-बर्स्ट पद्धतीने, म्हणजे स्पंदनांचे छोटे झुपके देऊन, तीन मिनिटांत तेवढाच गुण येतो. त्यामुळे साडेआठच्या आत दोघेही बाहेर.

८.३०

आज नवे काका आहेत. वीजमंडळातून निवृत्त झालेले. नैराश्य नाही, थायरॉइड नाही, घोरणं नाही. फक्त झोप नाही, तीही कित्येक वर्षं. सोबत काकू. खुर्चीकडे बघत काकांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो जवळजवळ प्रत्येक जण विचारतो: "सिस्टर, हा शॉक नाही ना?"

याचं उत्तर मी घाईत देत नाही. शॉक म्हणजे ईसीटी. त्यात भूल देऊन, मुद्दाम आणि नियंत्रित फिट आणतात. तोही उपचार चांगला आहे आणि सिनेमांनी त्याची उगाच बदनामी केली आहे. इथली गोष्ट निराळी. इथे वीज कवटीतून आत सोडत नाहीत. बदलतं चुंबकीय क्षेत्र हाडातून सहज आरपार जातं आणि खाली दोन-तीन सेंटिमीटरवर, मेंदूच्या वरच्या थरात, स्वतःचा छोटासा प्रवाह जागा करतं. मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व तेच. अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये १९८५ साली ते माणसाच्या डोक्यावर वापरलं. हाताची हालचाल चालवणाऱ्या भागावर कॉइल धरली आणि समोरच्या माणसाचा हात आपोआप हलला.

काका थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे ट्रान्सफॉर्मरच की. प्रायमरी तुमच्या हातात, सेकंडरी माझं डोकं." यापेक्षा नेमकं मला कधी सांगता आलेलं नाही. त्यांची परवानगी घेऊन हे वाक्य आता मी वापरणार आहे.

मग यादी. डोक्यात, डोळ्यात, मानेत कुठे धातू? रक्तवाहिनीवर क्लिप? कॉक्लिअर इम्प्लांट? पेसमेकर? कधी फिट आली होती? घरात कोणाला? दारू? कोणत्या गोळ्या, आणि त्यातली कोणती अलीकडे अचानक बंद केली? काकूंनी गोळ्यांची पिशवीच पर्समधून काढून दिली. क्लोनाझेपाम, रोज अर्धी, सहा वर्षांपूर्वी कोणीतरी "पंधरा दिवस घ्या" म्हणून लिहून दिलेली. ती एकदम थांबवायची नाही, हे मी दोघांनाही पुन्हा सांगितलं. अशी गोळी एकाएकी तोडली तर झोप तर जातेच, शिवाय फिट येण्याचा धोका वाढतो.

शेवटचा प्रश्न: "काल रात्री किती झोप झाली?" नैराश्याच्या रुग्णाला तो विचारते तेव्हा ती एक नोंद असते. निद्रानाशाच्या रुग्णाला विचारते तेव्हा सगळा निर्णय त्यावर असतो. जागरणाने मेंदूचा फिटचा उंबरठा खाली येतो. जो झोप येत नाही म्हणूनच आलाय, त्याच्या बाबतीत झोप न होणं हाच सावधपणाचा मुद्दा ठरतो. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसेल तर मी मॅडमना विचारल्याशिवाय बटण दाबत नाही. काका साडेचार तास झोपले होते. मॅडमनी होकार दिला.

कानातलं, चष्मा, खिशातला मोबाइल, एटीएम कार्ड, सगळं बाहेरच्या ड्रॉवरमध्ये. मग मोजमाप. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप, मग डोक्याचा घेर. या तीन मापांवरून उजव्या कपाळाच्या वरची जागा ठरते. ईईजीवाले तिला एफ-४ म्हणतात. टोपी घालून तिच्यावर खूण करते. (खोबरेल तेल चोपडून येऊ नका, टोपी सरकते, हे मी फोनवर सांगते. तरीही लोक येतात. आईने लावून दिलं म्हणतात.)

टोपीवरची खूण सगळ्यांसाठी सारख्याच रीतीने ठरते, ताकद मात्र प्रत्येकाची वेगळी. ती शोधायला कॉइल आधी हाताच्या हालचालीच्या भागावर धरायची. उजव्या बाजूला धरली की डावा अंगठा उडतो. ताकद हळूहळू कमी करत जायचं, आणि दहापैकी पाच वेळा अंगठा हलेल ती किमान पातळी म्हणजे त्या माणसाचा मोटर थ्रेशोल्ड. उपचाराची ताकद तिच्या टक्क्यांत ठरते. काका स्वतःच्या अंगठ्याकडे एकटक बघत होते. आपण न हलवता आपला अंगठा हलतो, हे पहिल्यांदा बघताना माणूस चपापतो. काका हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी काकांचा दुसरा हात धरला.

मग कॉइल पुढे, खुणेवर. कानात बोळे. दर सेकंदाला एक स्पंदन, तीस मिनिटं, अठराशे स्पंदनं. टक्. टक्.

उजवीकडेच का, आणि इतकं सावकाश का? जुनाट निद्रानाश म्हणजे झोपेची कमतरता एवढंच नसतं. मेंदू आणि शरीर चोवीस तास चढ्या पट्टीत असतात. दिवसासुद्धा अशा माणसाला डुलकी सहज लागत नाही. सेकंदाला एक किंवा त्याहून संथ स्पंदनं दिली की त्या भागाची उत्तेजितता काही काळ उतरते. रॉबर्ट चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये हालचालीच्या भागावर पंधरा मिनिटं अशी संथ स्पंदनं दिली, तेव्हा हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद सुमारे एक पंचमांशाने घटला आणि स्पंदनं थांबल्यावरही काही वेळ तसाच राहिला. कपाळामागच्या भागावर हेच केलं तर चढलेला मेंदू उतरेल, असा हिशेब आहे. तो पटण्याजोगा आहे. सिद्ध झालेला आहे, असं मात्र काकांना कोणी सांगितलेलं नाही. त्यांनी सही केलेल्या मराठी संमतिपत्रात स्पष्ट लिहिलंय: निद्रानाशासाठी हा उपचार अजून मान्यताप्राप्त उपचारांच्या यादीत नाही.

१०.००

कोर्सच्या दुसऱ्या आठवड्यात असलेल्या एक काकू. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत छताकडे बघत पडून राहणाऱ्या, आणि इथे खुर्चीत बसून दहा मिनिटं झाली नाहीत तोच मान कलंडलेली.

"काकू, डोळे उघडा."

"जागीच आहे गं."

जाग्या नव्हत्या. हा माझ्या कामाचा सगळ्यांत अवघड भाग. ज्या माणसाला झोपेची एवढी आस आहे, त्याला ती लागत असताना मी उठवते. पण उपाय नाही. झोप लागली की मेंदूची उत्तेजितता बदलते, आणि जाग्या मेंदूवर मोजलेली ताकद मग त्याच अर्थाने लागू राहत नाही. मान कलंडली की कॉइल खुणेवरून सरकते. आणि सकाळी दहाला घेतलेली डुलकी रात्रीच्या झोपेतून वजा होते. दिवसभर जागं राहून साठलेला झोपेचा दाब हीच निद्रानाशाच्या रुग्णाची पुंजी. ती मी इथे खर्चू देणार नाही.

म्हणून बोलायला लावते. नात काय करते, गौरीला यंदा कुठला नैवेद्य, आंबा पेटीने घेतला की डझनावर. त्या कधी कधी चिडतात. मग पुन्हा सांगतात.

११.१५

कॉइल थंड व्हायला वेळ हवा. चहा.

११.३०

डायऱ्या. निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णाला आम्ही छापील तक्ता देतो: कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलात, दिवसा डोळा लागला का, चहा किती वाजता. घड्याळ बघून लिहायचं नाही, सकाळी अंदाजाने लिहायचं. रात्री घड्याळ बघणं हाच अर्धा आजार असतो.

आजच्या एका तक्त्यात गृहस्थ साडेनऊला अंथरुणात जातात आणि सहाला उठतात. साडेआठ तास. त्यातली झोप पाच तास. म्हणजे अंथरुणातल्या वेळेपैकी साठ टक्केही झोप नाही. उरलेले साडेतीन तास कूस बदलणं, मोबाइल, उद्याची चिंता आणि झोप का येत नाही याची चिंता. मेंदू हळूहळू शिकतो की अंथरूण ही जागं राहायची जागा आहे.

यावरचा उपाय यंत्राचा नाही. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सांगितलं, झोप येईल तेव्हाच अंथरुणात जा, आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा. आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये सांगितलं, अंथरुणातला वेळच कापा. दोघांच्याही पद्धती आज सीबीटी-आय या विचार-वर्तन उपचारात एकत्र आल्या आहेत, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये, युरोपीय तज्ज्ञांनी २०२३ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून सीबीटी-आयचंच नाव घेतलं आहे, गोळी नंतर. या गृहस्थांना मॅडमनी रात्री बारा ते सकाळी साडेपाच एवढीच वेळ दिली. पडलेल्या वेळेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त झोप होऊ लागली की पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायची.

मी त्यांना फोन केला तर पलीकडून ओरडाच आला. "मी झोप मागायला आलो आणि तुम्ही माझी झोप कापताय?" पहिले दहा-पंधरा दिवस हाल होतात हे खरंच आहे, तेही सांगितलं. या काळात दुचाकी लांबवर नेऊ नका, हेही. आणि हे सुरू असताना मॅडम त्याच आठवड्यात कॉइल सुरू करत नाहीत, कारण मुद्दाम केलेलं जागरण आणि स्पंदनं यांची गाठ घालायची नाही.

आमच्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण हे काहीही न करता थेट खुर्चीत बसायला तयार असतात. "पैसे घ्या, पण ते मशीन लावा." अशी माणसं दुसरीकडून वीस-वीस सेशनचं पॅकेज घेऊन, खिसा रिकामा करून आमच्या दारात आली आहेत; कोणी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की तुम्ही झोपायला किती वाजता जाता. ते ऐकलं की मला फार संताप येतो. विकत झोप मिळते असं सांगून थकलेल्या माणसाला गाठणं सोपं असतं.

१.००

दुसऱ्या डॉक्टरांनी "निद्रानाश, टीएमएससाठी" अशी चिठ्ठी देऊन पाठवलेले दादा. वजन चांगलं, मान जाड, रक्तदाबाची गोळी चालू. "रात्री चार-पाचदा जाग येते." मी वहिनींकडे वळले. हा प्रश्न नेहमी सोबत झोपणाऱ्यालाच विचारायचा. त्या म्हणाल्या, "घोरतात, आणि मध्येच आवाज थांबतो. मी हलवते तेव्हा मोठ्ठा श्वास घेतात."

मॅडमनी खुर्चीकडे जाऊच दिलं नाही. आधी स्लीप स्टडी. झोपेत श्वास अडत असेल तर जाग ही शरीराने जीव वाचवायला केलेली धडपड असते. त्यावर उपाय हवेच्या दाबाचा, सीपॅपचा. झोपेच्या काही गोळ्यांनी ते दुखणं वाढू शकतं. गेल्याच महिन्यात एक ताई पाय शिवशिवतात, रात्री हलवल्याशिवाय राहवत नाही म्हणून आल्या होत्या. त्यांना खुर्ची नाही, फेरिटिनची तपासणी लागली, कारण असे पाय असतील आणि फेरिटिन ७५ च्या आत असेल तर आधी लोह भरून काढतात.

दादा नाराज होऊन गेले. वहिनी नाही.

२.००

डबा. मेथीची भाजी.

२.४५

गुरुवारी दुपारी मॅडम मला आणि मानसशास्त्रज्ञ मुलीला घेऊन एखादा शोधनिबंध वाचतात. आज मार्चेल्लो मासिमिनी आणि सहकाऱ्यांचा २००७ चा. त्यांनी गाढ झोपेतल्या माणसांना चुंबकीय स्पंदनं दिली आणि प्रत्येक स्पंदनाबरोबर मेंदूत झोपेची एक मोठी, संथ लाट उठली. त्याआधी २००५ मध्ये त्याच गटाने दाखवलं होतं की जाग्या मेंदूत स्पंदनाचा परिणाम दूरच्या भागांपर्यंत पसरतो. गाढ झोपेत तो जिथल्या तिथे विझतो. हे वाचताना मी अक्षरशः खुर्चीच्या कडेवर आले. इथे कॉइल इलाज करत नाही, झोप म्हणजे काय ते दाखवते. जागेपणी मेंदूचे भाग एकमेकांशी बोलतात, झोपेत ते बोलणं तुटतं, हे कोणीतरी बाहेरून टकटक करून तपासलं.

मग निद्रानाशावरच्या चाचण्या. बऱ्याचशा चीनमधल्या, बऱ्याचशा लहान. पुष्कळांत खऱ्या कॉइलच्या गटाचा पिट्सबर्ग झोप-निर्देशांक खोट्या कॉइलपेक्षा जास्त सुधारलेला. पण खोटी कॉइल आवाज तसाच करते, टाळूवर तशी टोचत नाही. त्यामुळे कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला ओळखता येऊ शकतं. आणि निद्रानाश हा आजार असा आहे की रोज ठरल्या वेळी उठून, आंघोळ करून, कोणीतरी आपलं ऐकणाऱ्या जागी जाणं हासुद्धा त्यात थोडा गुण देतोच. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये या उपचाराचे सगळे पुरावे तपासून जो आढावा काढला, त्यातल्या भक्कम पुराव्याच्या वरच्या गटात नैराश्य आहे, नसांची वेदना आहे, पक्षाघातानंतरचा हात आहे. निद्रानाश नाही.

माझं मत विचाराल तर हा उपचार थांबवू नये. सीबीटी-आय नीट करूनही ज्यांना गुण येत नाही, ज्यांच्या गोळ्या कमी करायच्या आहेत, ज्यांना नैराश्यही आहे, त्यांच्यासाठी या मार्गाने जाऊन बघायला हवं. पण बघणं म्हणजे मोजणं आणि लिहून ठेवणं. जाहिरात करणं नव्हे.

४.३०

संध्याकाळचे स्लॉट. एकाला टाळू दुखते; कॉइलचा कोन किंचित बदलला, ताकद दोन दिवसांसाठी थोडी उतरवली. एकीला काल डोकं दुखलं होतं, पॅरासिटामॉलने थांबलं. लाइट गेली, यूपीएसवर सेशन पुरं झालं. आयटीतला एक मुलगा, अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा, पहाटे चारला झोपतो आणि अकराला उठतो. सात तास, सलग. त्याला निद्रानाश नाहीच, त्याचं घड्याळ आणि त्याची नोकरी यांचं पटत नाही. मॅडम त्याच्याशी उजेडाबद्दल आणि शिफ्टबद्दल बोलत बसल्या.

७.००

शेवटची भेट एका शिक्षिकाबाईंची. चार आठवड्यांचा कोर्स आज संपला. सुरुवातीला निद्रानाशाच्या प्रश्नावलीत त्यांचे गुण २८ पैकी २२ आले होते, म्हणजे तीव्र. आज ११, म्हणजे सौम्य. झोपेची गोळी पावपर्यंत उतरलेली. डायरीत उठायची वेळ रोज एकच, साडेपाच, रविवारीसुद्धा.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सरळ सांगितलं, "हे कॉइलमुळे झालं की साडेपाचला उठल्यामुळे, की दोन्हींमुळे, हे तुमच्या एकटीच्या कागदावरून मला सांगता येणार नाही. कॉइल आता थांबवू. उठायची वेळ थांबवायची नाही."

बाई जरा घाबरल्या. "आणि पुन्हा बिघडलं तर?"

"तर डायरी घेऊन या. आधी ती वाचू, मग खुर्चीचं ठरवू."

मी पुढच्या महिन्याची तारीख दिली, कोऱ्या तक्त्यांचे चार कागद दिले आणि गोळी पावावरून बंद करण्याचं वेळापत्रक त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवलं. बाईंनी ते मराठीत पुन्हा लिहून मागितलं, मिस्टरांनाही कळावं म्हणून. लिहून दिलं.